चित्रकार की ड्रॉइंग टीचर?

पत्र: माझी मुलगी बारावीत आहे. तिला चित्रकलेकडेच जायचंय. हे म्हणतात, "शेवटी शाळेत ड्रॉइंग टीचरच होणार ना? त्यापेक्षा बी. कॉम. कर." तिने अभ्यासाच्या टेबलासमोर इस्माईल शम्मूत या पॅलेस्टिनी चित्रकाराच्या चित्राची प्रिंट लावलीय. "हेही आधी शिक्षकच होते," असं ती वडिलांना ऐकवते. हे खरं आहे का? आम्ही काय करावं?
– एक आई, सांगली

उत्तर:

ताई, मुलगी खरं सांगतेय. तुमच्या घरात चाललेला वाद शम्मूत यांच्या घरातही झाला होता, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच सांगते.

त्यांचा जन्म 1930 चा, पॅलेस्टाइनमधल्या लिद्द गावचा. वडील फळं-भाजीचे व्यापारी आणि धार्मिक वृत्तीचे. मुलाने चित्रांवर पोट भरावं हे त्यांना मान्य नव्हतं. मुलाने वाद घालत न बसता नवरीच्या पोशाखांवर फुलं, पक्षी रंगवून द्यायला सुरुवात केली. त्याचे पैसे मिळू लागले तेव्हा वडिलांचा विरोध मावळला. आणखी एक माणूस त्याच्या बाजूने होता: शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, दाऊद झलातिमो. स्वतः चित्रकार असलेल्या या मास्तरांनी त्याच्या हाताला वळण लावलं. शम्मूत यांच्याबद्दल लिहिताना कुणालाही झलातिमोंचं नाव टाळता येत नाही, हे तुमच्या यजमानांना जरूर सांगा.

जुलै 1948 मध्ये इस्रायली सैन्याने लिद्द आणि शेजारच्या रामला गावातल्या हजारो माणसांना घराबाहेर काढलं. भर उन्हात, पाण्याविना, पायी चालायचं. त्या वाटेवर इस्माईलचा लहानगा भाऊ तहानेने गेला. उरलेलं कुटुंब गाझातल्या खान युनिसच्या निर्वासित छावणीत पोचलं. अठरा वर्षांचा इस्माईल तिथे रस्त्यावर मिठाई विकायचा. पुढे छावणीत तंबूंमध्ये शाळा सुरू झाल्या, तेव्हा तो आपणहून मुलांना चित्रकला शिकवायला उभा राहिला. कलाशिक्षणाची कुठलीही पदवी तेव्हा त्याच्याकडे नव्हती.

1950 मध्ये तो कैरोला ललितकला महाविद्यालयात गेला. खर्च भागवायला त्याने सिनेमाची पोस्टरं रंगवली. 1953 मध्ये गाझात त्याचं प्रदर्शन भरलं. पॅलेस्टाइनच्या भूमीवरचं, तिथल्याच चित्रकाराचं पहिलं आधुनिक प्रदर्शन म्हणून त्याची नोंद होते. मुलीच्या भिंतीवर 'कुठे?' हे चित्र असेल, तर ते त्याच वर्षीचं. थकलेला बाप, खांद्यावर झोपलेलं मूल, हात धरून चालणारं दुसरं, आणि मागे राहिलेलं तिसरं. लिद्दच्या वाटेवर पाहिलेलं पाच वर्षांनी कॅनव्हासवर आलं. मधल्या काळातली मिठाई आणि तंबूतली शाळा यांना मी वाया गेलेली वर्षं म्हणणार नाही.

पुढच्याच वर्षी कैरोत त्यांचं प्रदर्शन झालं, उद्घाटनाला इजिप्तचे नेते गमाल अब्देल नासेर आले होते. त्यात तमाम अल-अखल या पॅलेस्टिनी चित्रकर्तीचीही चित्रं होती. त्या पॅलेस्टाइनमधल्या जाफा शहरातल्या, 1948 मध्ये त्यांचंही घर सुटलेलं. कैरोत शिकून त्यांनी बैरुतमध्ये मुलींच्या महाविद्यालयात कला शिकवली. 1959 मध्ये दोघांनी लग्न केलं. 1997 ते 2000 या काळात, साठी उलटल्यावर, दोघांनी मिळून पॅलेस्टिनी लोकांच्या वाताहतीवर मोठमोठी भित्तिचित्रं रंगवली. शम्मूत 2006 मध्ये गेले.

त्यांच्या नंतरच्या पिढीतले पॅलेस्टिनी चित्रकार नबील अनानी हेही रामल्लाच्या अध्यापक महाविद्यालयात कला शिकवत. इस्रायली ताब्याविरुद्धच्या 1987 च्या उठावात त्यांनी आणि मित्रांनी इस्रायली रंग-साहित्यावर बहिष्कार टाकला. मग अनानी चामड्यावर काम करू लागले, त्यांचे चित्रकार मित्र सुलेमान मन्सूर मातीत. वर्गात साहित्य नसताना काय करायचं, हे शिक्षकाला रोज सोडवावं लागतं. या माणसांनी त्यातून स्वतःची शैली घडवली.

आता तुमच्याकडचं. शाळांमध्ये कायम कलाशिक्षकाच्या जागा कमी निघतात, यजमानांची ती काळजी रास्त आहे. म्हणून बारावीनंतर थेट एटीडी (कलाशिक्षक पदविका) करण्यापेक्षा मी चार वर्षांच्या बीएफएकडे (ललितकलेची पदवी) बघायला सांगेन. त्यासाठी राज्याची सीईटी असते. पदवीनंतर शिकवण्याची वाट खुली राहतेच, शिवाय इलस्ट्रेशन, अॅनिमेशन, प्रकाशन, संग्रहालयं अशी इतर कामंही मिळू शकतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा झाल्या असतील तर त्यांची प्रमाणपत्रं कागदपत्रांत नीट लावून ठेवा. सीईटीसाठी मेमरी ड्रॉइंग आणि वस्तुचित्रणाचा सराव आतापासूनच रोज हवा.

एक गोष्ट मात्र कोर्स निवडण्याआधी करा. परीक्षा संपली की सुट्टीत गल्लीतल्या सात-आठ मुलांना तिला महिनाभर चित्रकला शिकवू दे. फी घ्यायची, थोडी का होईना. कागद-रंगांचा खर्च त्यातूनच भागवायचा आणि हिशोब तिनेच वडिलांना दाखवायचा. महिन्याअखेरीस ती दमलेली असेल की पुढच्या बॅचची तयारी करत असेल, ते तुम्हा तिघांनाही दिसेल. मला तेव्हा पुन्हा लिहा. सोबत तिची चार-पाच चित्रं आणि त्या मुलांचीही पाठवा.