स्क्यूचा प्रश्न पक्का कर

भाऊ, लाइन जाईल म्हणून ऑनलाइन मुलाखतीसाठी दिग्रसला मावशीकडे जाऊन बसलास आणि समोरच्याने वीस मिनिटांत गुंडाळलं, हे ऐकून जीव तुटला. माझ्या पहिल्या मुलाखतीत तर प्रश्न विचारणाऱ्याने कॅमेराही सुरू केला नव्हता. खचू नको.

स्पार्कमधल्या (मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणारं सॉफ्टवेअर) डेटा स्क्यूवर, म्हणजे डेटाच्या असमान वाटणीवर, अडलास ना? कापसाच्या हंगामात एकाच जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते, बाकीचे काटे रिकामे. तसंच दोन टेबलं जोडताना एका की-वर (ज्या किमतीवरून ओळी जुळवतात ती) लाखो ओळी आल्या की एकच टास्क, म्हणजे कामाचा एक तुकडा, रखडतं. दुसरं टेबल छोटं असेल तर ब्रॉडकास्ट जॉइन (ते सगळ्या मशीनवर पाठवून जोडणं), नाहीतर सॉल्टिंग (की-ला वेगवेगळे आकडे जोडून ओळी वाटून देणं). स्पार्क ३.० पासून अ‍ॅडॅप्टिव्ह क्वेरी एक्झिक्युशन (काम चालू असतानाच योजना बदलणारी सोय) जॉइनमधले असे मोठे पार्टिशन, म्हणजे डेटाचे तुकडे, स्वतः फोडू शकतं, हेही सांग.

एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) ओळींना क्रमांक देणाऱ्या रँक आणि रो-नंबरचा फरक वहीत लिहून काढ. रविवारी फोन कर, मी प्रश्न विचारतो.