चाळिशीनंतर देशाकडून फुटबॉल खेळता येतो का?

येतो. वरिष्ठ संघासाठी फिफाने वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. मात्र तुम्ही कोणत्या जागेवर खेळता आणि किती मिनिटं, यावर बरंच अवलंबून आहे.

गोलकीपर सगळ्यांत उशिरा म्हातारा होतो. डिनो झॉफने 1982 चा विश्वचषक इटलीचा कर्णधार म्हणून उचलला, तेव्हा तो 40 वर्षांचा होता. इजिप्तचा एसाम एल-हदारी 2018 च्या विश्वचषकात 45 व्या वर्षी सौदी अरेबियाविरुद्ध उतरला. इजिप्त तोवर स्पर्धेबाहेर गेला होता, त्यामुळे मान म्हणून खेळवला असं कुणी म्हणेलही. पण त्याने त्या सामन्यात पेनल्टी अडवली, आणि पेनल्टी काही कुणी मान म्हणून वाया घालवत नाही.

इतर खेळाडूंचं अवघड. दम टिकतो हो. आधी जातो तो पहिल्या चार-पाच पावलांचा झपाटा. मी हौशी सामन्यांत अजून पूर्ण वेळ पळतो, पण विशीतला पोरगा चेंडूमागे सुटला की मला फक्त त्याची पाठ दिसते. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात ते वेगळंच. मोठ्या स्पर्धेत दर तीन-चार दिवसांनी सामना असतो, तिथे शरीर भरून येण्याआधीच पुन्हा उतरावं लागतं.

म्हणून 38 वर्षांचा रॉजर मिला बघा. 1990 च्या विश्वचषकात कॅमेरूनने त्याला प्रत्येक वेळी बदली म्हणूनच उतरवलं आणि त्याने चार गोल केले. कोलंबियाविरुद्ध जादा वेळेत गोलकीपर हिगिता गोल सोडून बराच पुढे आला आणि चेंडूशी खेळत बसला. मिलाने तो पायातून काढून घेतला आणि रिकाम्या गोलात मारला. वेगापेक्षा ते खेळाचं वाचन होतं, म्हणजे समोरचा काय करणार हे आधी ओळखणं. 1994 मध्ये, 42 व्या वर्षी, त्याने रशियाविरुद्धही गोल केला.

माझ्या मते मात्र या सगळ्यांपेक्षा ब्राझीलची फॉर्मिगा भारी. 1995 ते 2019, सात विश्वचषक, आणि शेवटच्या वेळी 41 व्या वर्षी मधल्या फळीत, म्हणजे जिथे सर्वांत जास्त पळावं लागतं तिथे.

हे सगळे आयुष्यभर व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. तुम्ही तसे नसाल तर राष्ट्रीय संघाचा नाद सोडा आणि वयोगटाच्या स्पर्धा शोधा. चालत खेळायच्या फुटबॉलमध्ये तर काही देशांचे पन्नाशी-साठीपुढचे संघही आहेत. तिथे पळालात की फ्री किक समोरच्याला.