सावकाराला किती विशेषणं लावायची?

प्रश्न : पहिलीच कथा लिहिते आहे. गावातला विनापरवाना सावकार हा खलनायक. त्याला क्रूर, नीच, नराधम, पाषाणहृदयी म्हटलंय, तरी बहीण म्हणते, ‘हा खोटा वाटतो.’ आणखी जहाल शब्द सुचवाल का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : जहाल शब्द नकोत, आहेत तेच कमी करा. ‘नराधम’ बातम्यांच्या मथळ्यांत झिजून गुळगुळीत झालाय. आणि ‘पाषाणहृदयी’ तुमच्या कथेत बोलतं कोण? कर्जात बुडालेला शेतकरी फार तर ‘उलट्या काळजाचा’ म्हणेल.

मुळात हा माणूस करतो काय? गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेतो आणि ‘पैसे फिटले की रान तुझंच’ असं तोंडी सांगतो. हा तपशील पक्का आहे, असंच चालतं. पण असला माणूस डोळे वटारून फिरत नाही हो! 2014च्या सावकारी नियमन कायद्याखाली चौकशी होऊन अशी जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा नीट ठाऊक असतं. म्हणून व्याजाचा आकडा तो कागदावर येऊ देत नाही. दारात आलेल्याला आधी चहा पाजतो, पोरीच्या लग्नात आहेर करतो.

त्याला शोभतील असे शब्द म्हणजे गोडबोल्या, बेरकी, आतल्या गाठीचा. तेही एका ओळीत कोंबू नका, वाटून द्या. ‘बेरकी’त थोडं कौतुक असतं, ते टपरीवरच्या रिकामटेकड्यांच्या तोंडी घाला. ‘आतल्या गाठीचा’ त्याच्या सख्ख्या भावानं म्हणावं. ‘खुनशी’ राखून ठेवा, त्यानं डूख धरून कुणाला आयुष्यातून उठवलं तरच काढा. जिचं रान गेलं ती बाई विशेषणाच्या भानगडीत पडणारच नाही, ‘मुडदा बशिवला त्याचा’ म्हणून मोकळी होईल.

त्याला तिरळा आणि काळाकभिन्न केलंत, तेही काढा. तिरळेपणाचा व्याजाशी काय संबंध?

तुमचा सगळ्यात भारी प्रसंग दुय्यम निबंधक कार्यालयातला. म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, तेव्हा सावकार स्वतःच्या रुमालानं तो हळूच पुसून देतो. वाचताना अंगावर काटा आला. त्या वाक्यात ‘निर्दयपणे’ कशाला घातलंत? खोडा ते.