कॅमेरा पिशवीतच राहू दे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद. महानुभाव पंथाच्या रिद्धपूरला पोथ्यांचे फोटो घ्यायला निघालीस. कॅमेरा, स्टँड, हार्ड डिस्क, सगळं सामान कळवलंस, पण त्यात सकळ लिपी दिसली नाही. ती वाचता येत नसेल, तर पहिली खेप नुसत्या नमस्काराची, त्यांच्या ‘दंडवत प्रणाम’पुरती समज.

नागरीतल्याच अक्षरांची ठरवून केलेली अदलाबदल म्हणजे ही लिपी. महानुभावांनी आपले ग्रंथ तिच्यात ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ती उलगडली, तोवर बाहेरच्यांना त्या अक्षरांचा अर्थ लागत नव्हता. ‘यांनी ज्ञान दडवलं’ असं मीही तावातावाने म्हणायचो. आता म्हणवत नाही. तेराव्या शतकातली बोलती मराठी आपल्या हाती लागली ती या दडवण्यामुळेच.

आणि गंमत बघ, पंथाचे संस्थापक चक्रधरांनी शिष्यांना झाडाखाली आयुष्य काढायला सांगितलं होतं. मठ उभे राहिले ते नंतर, आणि पार पेशावरपर्यंत गेले. तिथेही पोथी मराठीच होती.

पंथातल्या म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, पाहिलेल्यांना गाठून, विचारून लीळाचरित्र लिहिलं. परंपरा सांगते की ती मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत गेली आणि हिराइसेसारख्या अनुयायांनी पाठ असलेलं पुन्हा सांगितलं. म्हणून इतके पाठभेद. दोन पोथ्यांत फरक सापडला की ‘चूक’ असा शेरा मारू नकोस. कुणाला काय आठवलं ते तिथे उतरलंय. स्थानपोथीही चाळ. चक्रधर कुठे राहिले, दार कोणत्या दिशेला, इतकं बारीक टिपलंय. देऊळ पडलं तरी जागा सापडावी!

माझी फजिती सांगतो. एका मठात मी बसल्या बसल्या कॅमेरा काढला. मठातल्या बाबांनी काही न बोलता पोथी बासनात गुंडाळली, गाठ मारली आणि चहा मागवला. चहा उत्तम होता. पोथी पुन्हा दिसली दीड वर्षाने, तीही मी एक लीळा चुकतमाकत वाचून दाखवल्यावर.

तेव्हा आधी ऐकायला बस. बासनाची गाठ त्यांनाच सोडू दे, पान त्यांनाच उलटू दे. मजकुराइतकंच समासाकडे बघ. अंगठ्याने काळं पडलेलं पान रोजच्या पाठातलं असतं. निघताना एक प्रत मठात ठेव, पेनड्राइव्हवर नको, छापून. अक्षर मोठं घे, तिथे वाचणाऱ्यांची नजर आता अधू झालीय.

तुझा,
सर