प्राणिरक्षकाबरोबर एक दिवस काढायचा असेल तर

आपण खानापूर तालुक्यातून लिहिले आहे की बारावीनंतर पशुवैद्यकीय शिक्षण घ्यायचा विचार आहे, घरी म्हशी आहेत, आणि बेळगावजवळील भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात एखाद्या कर्मचाऱ्यासोबत दिवसभर राहून त्याचे काम पाहण्याची इच्छा आहे. इच्छा फार चांगली आहे. परवानगीसाठी कॉलेजच्या प्राचार्यांचे पत्र जोडून तेथील अधिकाऱ्यांच्या नावे कन्नडमध्ये लेखी अर्ज द्यावा आणि एकाऐवजी दोन दिवस मागावेत, त्यांपैकी एक संग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद असतानाचा असावा. त्या दिवशी कर्मचाऱ्याला आपल्याशी बोलायला उसंत असते.

मी पदवीच्या काळात एका प्राणिसंग्रहालयात आठवडाभर एका ज्येष्ठ प्राणिरक्षकामागे फिरलो. पहिल्या सकाळी मी वाघाकडे पाहत राहिलो आणि ते काका मात्र खाली वाकून, वाघ रात्री ज्या कोठडीत होता तिच्या फरशीकडे पाहत होते. आदल्या संध्याकाळी दिलेल्या मांसातला एक तुकडा कोपऱ्यात तसाच पडला होता. मोठ्या वाघाला साधारण ८ ते १० किलो मांस लागते आणि बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस उपास घडवतात, म्हणून उपासाच्या दुसऱ्या दिवशी अन्न उरणे ही साधी गोष्ट नव्हे. काकांनी तो तुकडा वजन करून नोंदवहीत लिहिला आणि लगेच डॉक्टरांना कळवले. जंगली जनावर आजार शेवटपर्यंत लपवते, त्यामुळे उरलेले अन्न, विष्ठेचा घट्टपणा आणि हरणाचे रवंथ यांवरूनच तो ओळखावा लागतो. म्हणून माझे सांगणे एवढेच की त्या दिवशी प्राण्यांकडे कमी आणि कर्मचाऱ्याची नजर कोठे जाते तिकडे अधिक लक्ष द्यावे.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे कुलपे. काका बादली वाजवून "बा, बा" अशी कन्नडमध्ये हाक देत, वाघ आतल्या कोठडीत आला की बाहेरून सरकते दार लावत, कुलूप घालत आणि ते दोनदा ओढून पाहत. मग आत किती जनावरे आली ते मोजत आणि त्यानंतरच साफसफाईसाठी मोकळ्या आवारात पाऊल टाकत. तीस वर्षांच्या नोकरीनंतरही त्यांनी एकदाही कुलूप न ओढता दार उघडलेले मी पाहिले नाही. अशा वेळी त्यांच्याशी बोलू नये, मोजणी चुकते.

आता आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे. घरी म्हशी आहेत, तेव्हा गोठ्यातील चपला आणि कपडे घालून मुळीच जाऊ नये. पावसाळ्यापूर्वी म्हशींना ज्याची लस टोचतात, तो घटसर्प हा गुरांचा जिवाणूजन्य रोग काळविटांनाही होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये भुतरामहट्टीत काही दिवसांतच ३० च्या आसपास काळविटे याच रोगाने दगावली. दाराशी पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे पाणी भरलेला उथळ हौद असतो, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जाऊ नये, आणि घरचे एखादे जनावर आजारी असेल तर भेट पुढे ढकलावी. स्वतःला सर्दी-ताप असला तरीही जाऊ नये, कारण २०२१ साली हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील ८ सिंहांना कोरोनाची लागण झाली होती.

काळविटांजवळ धावू नये, ओरडू नये, भडक कपडे घालू नयेत. पाठलागाने किंवा भीतीने घाबरलेल्या काळविटाचे स्नायू आतून निकामी होतात आणि ते त्या क्षणी धडधाकट दिसले तरी पुढे काही तासांत किंवा दिवसांत मरू शकते. मला हे पुस्तकातून माहीत होते, पण कळपापासून दूर उभे राहून हळू आवाजात बोलणाऱ्या काकांना पाहिल्यावर ते खरे समजले.

फोटो काढण्याची परवानगी वेगळी मागावी आणि ती न मिळाल्यास आग्रह धरू नये. संध्याकाळी काम आटोपल्यावर कर्मचाऱ्याजवळ बसून दिवसाची नोंदवही दाखवण्याची विनंती करावी आणि त्यातील एखाद्या ओळीवर बोट ठेवून "हे आज का लिहिलेत?" असे विचारावे. मराठीत विचारले तरी चालते, आपल्या भागातील बरेच कर्मचारी दोन्ही भाषा बोलतात.