रिपोर्ट चांगले आहेत, पण डोकं चालत नाही

गेल्या काही वर्षांत एक वाक्य माझ्या जळगावच्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्या माणसानं सुरुवात केली की पुढचं मला पाठ असतं. "मॅडम, किडनीचे रिपोर्ट आता चांगले येतात. पण डोकं चालत नाही. मी वेडी तर होत नाहीये ना?" बोलणारी कधी भुसावळची नोकरदार बाई असते, तर कधी अमळनेरचा बी.एड.चा मुलगा. फायलीवरची नावंही निरनिराळी असतात. कुणाला ल्युपस या सगळ्या अंगाला धरणाऱ्या आजारामुळे किडनीला सूज आलेली, कुणाला आयजीए नेफ्रोपॅथी, कुणाला मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. मूळ एकच, अंगाची राखण करणारी यंत्रणा स्वतःच्याच किडनीवर उलटलेली असते. गोळ्यांनी ती बरीच आटोक्यात येते, लघवीतून जाणारं प्रथिन कमी होतं, रक्तात साठलेला कचरा दाखवणारं क्रिएटिनिन खाली येतं आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पेशंटला मात्र तवा गॅसवर ठेवून आपण काय करायला उठलो होतो तेच आठवत नाही.

अशीच एक चोपडा तालुक्यातली. तिला रेखा म्हणू. तिच्या परवानगीनं लिहितेय, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय चौतीस, बारावी शिकलेली, केळीची शेती, घरात नवरा, सासू, दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी सांधे धरले, गालांवर लाली आली, मग पाय सुजले आणि लघवीला फेस यायला लागला. बायोप्सी झाली. ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्युपसनं किडनीला आलेली सूज, आणि तीही चौथ्या, गंभीर वर्गातली. ल्युपसच्या दहा पेशंटमधल्या साधारण नऊ बायका असतात, त्यातही ऐन उमेदीतल्या.

पहिल्या दिवशी तापी ओलांडून एसटीनं तिघं आली. रेखा अंग चोरून बसली. बोलल्या त्या सासूबाई: "डाक्टर म्हनस किडनी चांगली शे, मंग हाई दिनभर आडी काब्र पडस?" म्हणजे, मग ही दिवसभर आडवी का पडते? नवरा काहीच बोलला नाही, पण गप्प बसण्याच्याही तऱ्हा असतात. त्याची सासूबाईंच्या बाजूची होती.

दोघांना बाहेर बसवलं तेव्हा खरी गोष्ट कळली. केळी कापणीच्या दिवशी शेतात काट्यावर वजनं होतात. माणूस आकडा पुकारतो आणि घरातलं कुणीतरी वहीत लिहितं. लग्नापासून ती वही रेखाकडे. शेवटी तिची बेरीज आणि व्यापाऱ्याची पट्टी जुळली की पैसे ठरतात. त्या खेपेला जुळली नाही. नवऱ्यानं मजुरांसमोर व्यापाऱ्याला नाही नाही ते बोलून घेतलं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, तर चूक रेखाच्या वहीत. नवऱ्यानं माफी मागितली, घरी आला आणि वही पुतण्याकडे दिली.

"वही गेली त्याचं काही नाही ताई," ती म्हणाली. ते खोटं होतं, दोघींनाही कळत होतं. "पण मला आता माझाच भरवसा वाटत नाही."

घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीबद्दल आपण मनाशी जे घोकतो ते माणसाला जास्त छळतं, या विचाराच्या घराण्यात माझं शिक्षण झालं आहे. अनेक वर्षं त्या शिदोरीवर मी काम करते आणि ती मला क्वचितच कमी पडली. म्हणून पहिल्या तीन भेटी मी तिच्या घोकण्यावरच घालवल्या. "मी पूर्वीसारखीच असायला हवी" हा हट्ट, "नसेन तर मी निकामी" हा निष्कर्ष. ती मान डोलवायची, घरी लिहून आणायची. चांगली विद्यार्थिनी होती. फरक मात्र तसूभर नाही. चौथ्या भेटीत ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही सांगता ते पटतं. पण ते आठवायलासुद्धा डोकं लागतं."

त्या वाक्यानं मी भानावर आले. बाई मला चार आठवडे शरीराची गोष्ट सांगत होती आणि मी मनाची दुरुस्ती करत बसले होते.

तिची वही मागवली आणि चुका कुठं आहेत ते पाहत बसले. बेरजा बरोबर होत्या, ओळी सुटल्या नव्हत्या. काट्यावर एक्क्याऐंशी किलो, वहीत १८. काट्यावर त्र्याण्णव, वहीत ३९. पन्नास, साठ, सत्तर हे सगळे बरोबर. मी मराठी शाळेत शिकलेली, तरी हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं: आपण एक्क्याऐंशी म्हणतो तेव्हा कानावर आधी एक पडतो, मग ऐंशी. हात मात्र आधी आठ लिहितो. तो एक तेवढ्यापुरता डोक्यात धरून ठेवावा लागतो, आठ लिहून झाला की खाली उतरवायचा. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. रेखाचा एक त्या निमिषात हातातून निसटत होता, किंवा घाईघाईनं आधीच कागदावर उतरत होता.

तिथंच कोरा कागद दिला. काट्यावरच्या माणसासारखी मी पुकारत गेले. सदुसष्ट, एक्क्याऐंशी, अठ्ठेचाळीस, त्र्याण्णव, असे वीस आकडे. पाच उलटे पडले. तिचे डोळे भरून आले. मग म्हटलं, आता मी वेगळं बोलते. सहा-सात. आठ-एक. चार-आठ. नऊ-तीन. पुन्हा वीस. एकही चुकला नाही. तिनं कागद माझ्याकडे सरकवला, परत ओढून घेतला, पुन्हा पाहिला.

"म्हणजे मी विसरत नाही?"

"धरून ठेवायची मूठ सैल झालीय. हिशेब शाबूत आहे."

ही काही तपासणी नव्हे, घरगुती पडताळा होता. निदान करणं माझं कामही नाही. पण इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेल्या कामात तो कागद मी वरच्या रांगेत ठेवते.

नवऱ्याला आत बोलावलं आणि दोन्ही कागद पुढे ठेवले. तो बराच वेळ पाहत राहिला. मी समजावायला तोंड उघडणार तोच तो स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाला, "हे तर एक फेज गेल्यासारखं झालं." मग मलाच समजावू लागला. शेतातल्या खोलीत बल्ब लागतो, म्हणून आपण म्हणतो लाईट आहे. मोटरचं बटण दाबलं की ती नुसती घूं घूं करते, पाणी ओढत नाही. मोटर बिघडली म्हणावं तर तसंही नसतं, तीनपैकी एक फेज आलेली नसते. "आणि तशीच रेटली तर वाइंडिंग जळतं, मॅडम. मग जा घेऊन रिवाइंडिंगला."

"मग भाऊ, तुमच्या घरी रिपोर्ट म्हणजे बल्ब आहे," मी म्हटलं.

त्यानं रेखाकडे पाहिलं. त्या खोलीत तिच्याकडे थेट पाहण्याची ती त्याची पहिली वेळ. "आम्ही दोन वर्षं हिला रेटतोय," तो म्हणाला.

एवढं ऐकायला मिळावं म्हणून समुपदेशक आयुष्य काढतात. माझ्या पंधरा उपमा एकीकडे आणि त्याची ही एक एकीकडे.

आता ज्यांना हाच प्रश्न पडतो त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. क्रिएटिनिन सांगतं की किडनी रक्त किती साफ करते. लघवीतलं प्रथिन सांगतं की गाळणी किती गळते. थकवा, सांधे, झोप, लक्ष यांचं माप यातल्या कुठल्याच आकड्यात नसतं. अंगात दाह चालू असला की मेंदूला त्याची वर्दी जाते आणि तो अंग आवरून घेतो. साध्या तापातही आपल्याला हिशेब सुचत नाही, नको वाटतो. इथं तो ताप वर्षानुवर्षं मंद आचेवर चालू असतो. शिवाय रक्त वाढवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः किडनीतच तयार होतं, त्यामुळे जुनाट आजारात रक्त कमी होतं आणि माणूस जिना चढतानाच काय, वाचतानाही दमतो. ल्युपस तर थेट मेंदूलाही त्रास देऊ शकतो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ साली ल्युपसमधल्या मेंदू-मनाच्या १९ प्रकारच्या त्रासांची यादी केली, त्यात विचारशक्ती मंदावणं आहेच. तेव्हा "हे तुझ्या मनाचे खेळ" असं म्हणणाऱ्या जावेला ही यादी ऐकवायला हरकत नाही.

रेखाच्या बाबतीत दोन गोष्टी सापडल्या, त्या मोठ्या तपासणीतून आल्या नाहीत. मी तिला दिवसभराचं वेळापत्रक गोळ्यांसकट लिहायला सांगितलं होतं. स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारी गोळी, तिच्यापुढे लिहिलं होतं: रात्री नऊ. का? तर मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं "जेवणानंतर", आणि तिचं जेवण म्हणता येईल असं जेवण रात्रीच व्हायचं. सकाळी चहा-टोस्ट, की लागली कामाला. स्टेरॉइडसारखं रसायन आपलं शरीर स्वतः पहाटे-सकाळी जास्त बनवतं, म्हणून ही गोळी बहुधा सकाळी देतात. रात्री घेतली की अनेकांची झोप उडते. ती दोन वर्षं रात्री दोन-दोनपर्यंत छताकडे पाहत होती आणि कारण मात्र काळजी समजत होती. मी समजूत घालत होते तीही त्या काळजीचीच, हे कबूल करायला हवं. दुसरी गोष्ट फाइलमधला हिमोग्लोबिनचा आकडा, ८.६, म्हणजे बराच कमी. क्रिएटिनिनच्या आनंदात तो कुणी वाचलाच नव्हता.

मी गोळीला हात लावला नाही. तो हक्क माझा नाही, आणि स्टेरॉइड स्वतःच्या मनानं बंद करणं तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीरानं स्वतःचं उत्पादन थांबवलेलं असतं. मी किडनीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी गोळी सकाळच्या भाकरीनंतर घ्यायला सांगितली, लोह, बी-१२ आणि थायरॉइड तपासलं, रक्तासाठी औषध सुरू केलं. सांधे दुखले की ती मेडिकलमधून आणून घ्यायची ती दुखणं थांबवायची गोळी मात्र कायमची बंद केली. त्यातल्या पुष्कळ गोळ्या किडनीला थेट मारतात आणि आपल्याकडे त्या लिमलेटसारख्या मिळतात.

डॉक्टरांकडे जाताना "विसरायला होतं, थकायला होतं" एवढंच सांगू नका. दोन मिनिटांत तेवढ्यावर कुणाला काय कळणार? काय चुकलं, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती, ते लिहून न्या. रेखानं उलटे आकडे लिहिलेला कागद नेला होता. डॉक्टरांनी चष्मा काढून तो पाहिला, असं तिनं मला अभिमानानं सांगितलं.

आणि एक गोष्ट माझ्यासारखीकडे येऊन वेळ घालवायची नसते. अचानक बरळायला लागणं, झटका येणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, दिसेनासं होणं, अंगाची राखण दाबणाऱ्या या गोळ्या चालू असताना ताप भरणं: यात थेट दवाखाना, तोही त्याच दिवशी. तसंच खूप दिवस कशातच जीव रमत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर तेही दडवू नका. स्टेरॉइडनंसुद्धा मन असं फिरतं आणि त्यावर उपाय असतात.

बाकीचं काम घरातलं होतं आणि ते नवऱ्यानं आपल्या भाषेत केलं. शेतीची थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री, पण ठरलेले तासच येते, आणि शेतकरी त्या तासांवर दिवस बेततो. रेखानं दोन आठवडे टिपून पाहिलं. तिची थ्री फेज सकाळी आठ ते अकरा. वही, बँक, मुलांचा अभ्यास तेवढ्यात. दुपारी बल्बाची कामं: लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या. उन्हानं ल्युपस चाळवतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून काट्यावर बसायचं ते झाडाखाली, पूर्ण बाहीचा शर्ट आणि स्कार्फ घालून, तेही सकाळीच. घरची केळी खायची की नाही हा प्रश्नही निघाला. सरसकट बंदी नसते, रक्तातलं पोटॅशियम वाढलं असेल तर असते. तिचं ठीक होतं. केळीच्या घरात केळी बंद केली असती तर सासूबाईंनी माझ्याकडे पुन्हा पाऊल टाकलं नसतं.

ती पूर्वीसारखी झालेली नाही. रक्त ११ च्या जवळ आलं, झोप लागते, तरी आठवड्यातले एक-दोन दिवस जातातच. माझी जुनी शिदोरी मग कामाला आली. "पूर्वीसारखीच असायला हवी" या हट्टाशी आम्ही पुन्हा भांडलो, आणि या वेळी तिच्याकडे भांडायला ताकद होती.

वही तिच्याकडे परत आलीय. काट्यावरचा माणूस आता आकडे सुटे पुकारतो, आधी हसायचा, आता त्याला तीच सवय झालीय.

श्रावणात आमच्या खान्देशातला कानबाईचा सण झाल्यावर ती रोटाचा प्रसाद घेऊन आली. सांगत होती, सकाळी चुलीपाशी गेली की सासूबाई आधी तिच्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "आज कितली लाईट शे?"

"दोनच फेज, आई," म्हटलं की त्या परात स्वतःकडे ओढून घेतात.