हॉलीवूडमधला कोणता चरित्र अभिनेता तुम्हाला नायकांपेक्षा जास्त आवडतो, आणि का?

हॅरी डीन स्टॅन्टन. नाव ऐकून कदाचित लक्षात येणार नाही, पण फोटो पाहिलात तर "अरे, हा होय!" म्हणाल. बसलेली गालफडं आणि आठवडाभर झोप न मिळाल्यासारखे डोळे.

'एलियन' (1979) या सिनेमात त्यानं केलेला ब्रेट आठवतोय? मांजर शोधत जातो, वरून पाणी ठिबकत असतं, तर हा बाबा टोपी काढून, तोंड वर करून ते अंगावर घेत उभा राहतो. पुढे तो परग्रहावरचा जीव त्याला गाठतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्याचं ते उभं राहणंच आठवतं.

जन्म 1926चा, केंटकीतला. वडील तंबाखूची शेती करायचे, जोडीला न्हावीकाम. दुसऱ्या महायुद्धात हा नौदलाच्या जहाजावर स्वयंपाकी होता, ओकिनावाच्या लढाईत. मग अभिनयाचं शिक्षण, आणि पुढे कितीतरी वर्षं टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांत आणि सिनेमांत किरकोळ कामं. 'राइड इन द व्हर्लविंड' या सिनेमाच्या वेळी अभिनेता मित्र जॅक निकल्सननं त्याला सांगितलं होतं की तू काही करू नकोस, अभिनय कपड्यांना करू दे. हे त्यानं जन्मभर पाळलं.

समीक्षक रॉजर ईबर्ट यांचा तर नियमच होता: दुय्यम भूमिकेत स्टॅन्टन किंवा एम. एमेट वॉल्श असेल तर सिनेमा अगदीच टाकाऊ असू शकत नाही. (या नियमाच्या भरवशावर मी दोनदा तरी फसलोय.)

पहिली मोठी मुख्य भूमिका मिळाली ती थेट 57व्या वर्षी, विम वेंडर्सच्या 'पॅरिस, टेक्सास'मध्ये. कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला सिनेमा, आणि त्याचा नायक पहिली वीसेक मिनिटं तोंडच उघडत नाही! शेवटाकडे तो एकाच बाजूनं दिसणाऱ्या काचेपलीकडच्या बायकोशी फोनवर बोलतो. ती त्याला पाहू शकत नाही, तरी तो खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करतो आणि मगच सगळं सांगतो.

2017 मध्ये, 91व्या वर्षी गेला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी 'लकी' अमेरिकेत लागला, त्यातही तोच नायक. पण एकच प्रसंग बघायचा असेल तर 'द स्ट्रेट स्टोरी'चा शेवट बघा. वर्षानुवर्षं अबोला धरलेला भाऊ गवत कापायच्या यंत्रावर बसून शेकडो मैल आलाय. स्टॅन्टन आधी त्या यंत्राकडे बघतो, मग विचारतो, एवढ्या लांबून यावर बसून आलास, मला भेटायला? भाऊ "हो" म्हणतो. डोळे भरून येतात, आणि दोघं ओसरीत बसून राहतात.